पोटाचं इमर्जन्सी ऑपरेशन झालेला माणूस घरी आला की जखम कशी सांभाळायची

ठरवून केलेल्या ऑपरेशनला माणूस तयारीने जातो. शुगर आटोक्यात आणलेली असते, पोट रिकामं असतं, आंघोळ झालेली असते. इमर्जन्सीत यातलं काही नसतं. रात्री दोनला पोट फळीसारखं कडक झालेल्या माणसाला टॅक्सीत घालून आणतात, एक्स-रेत पोटात मोकळी हवा दिसते, घाईघाईत सह्या होतात आणि थिएटरचं दार बंद होतं. कुणाचा अल्सर फुटलेला असतो, कुणाचं अपेंडिक्स. कुणाच्या आतड्याला टायफॉईडने किंवा टीबीने भोक पडलेलं असतं, कुणाचा हर्निया अडकून आतडं काळं पडलेलं असतं. आत पू, पित्त, कधी शौचही सांडलेलं असतं. सर्जन ते लिटरच्या लिटर सलाईनने धुतात, तरी अशा पोटावरची जखम स्वच्छ ऑपरेशनच्या जखमेसारखी वागत नाही. तिच्यात पू होण्याची शक्यता मुळातच जास्त असते. घरच्यांना हे नीट कुणी सांगत नाही. मग सातव्या दिवशी टाक्यातून काही आलं की घरात भांडण लागतं, कुणी काय खायला दिलं आणि कुणाचा हात लागला यावरून.

मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात मी अठ्ठावीस वर्षं सिस्टर होते. ज्यांच्या हातात पहिल्यांदाच गॉजचं, म्हणजे जखमेच्या जाळीदार कापडाचं, पाकीट आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तुमच्या डिस्चार्ज पेपरवर यापेक्षा वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं माना, कारण त्या डॉक्टरांनी पोट आतून पाहिलेलं आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. जखम बिघडते ती बहुतेक वेळा पाचव्या ते दहाव्या दिवसात, आणि नेमकी तेव्हाच अनेकांना घरी सोडलेलं असतं, कारण त्या खाटेसाठी दुसरा कुणीतरी जमिनीवर गादी टाकून झोपलेला असतो. वॉर्डात राऊंडला जे डोळे जखम बघायचे, त्यांचं काम आता तुमच्या डोळ्यांना करायचंय.

१. वॉर्ड सोडण्याआधी

डिस्चार्जच्या दिवशी सगळं लक्ष बिलात आणि टॅक्सीत असतं. त्याआधी सिस्टरला किंवा हाऊसमनला, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरला, गाठून विचारा: कातडीचे टाके पूर्ण घातलेत की जखम मुद्दाम उघडी ठेवली आहे? पोट फार घाण असेल तर आतला जाड थर शिवून वरची कातडी काही दिवस मोकळी ठेवतात. तो निष्काळजीपणा नसतो, पू आत कोंडू नये म्हणून ठरवून केलेलं असतं. टाके कधी काढायचे? पोटावरचे साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, शुगर किंवा अशक्तपणा असेल तर उशिरा. ड्रेसिंग रोज की एक दिवसाआड? पोटातलं पू-पाणी बाहेर यायला नळी ठेवलेली असेल तर ती कोण, कधी काढणार? आणि रात्री काही झालं तर कुठल्या दारातून आत यायचं, ओपीडी की कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग?

शेवटचं ड्रेसिंग स्वतःच्या डोळ्यांनी बघा, जमलं तर सिस्टरच्या देखरेखीत एकदा स्वतःच्या हाताने करा. आम्ही चिडतो, पण नाही म्हणत नाही. परवानगी घेऊन पट्टी काढलेल्या जखमेचा एक फोटो काढून ठेवा. पुढच्या सगळ्या दिवसांची तुलना त्याच्याशी करायची आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर पुढच्या तपासणीचं आणि औषधांचं काय, हे तिथल्या आरोग्यमित्राला निघायच्या आधीच विचारून घ्या.

२. सामान

नॉर्मल सलाईनच्या १०० मिलीच्या बाटल्या घ्या. ५०० मिलीची स्वस्त पडते, पण उघडलेली बाटली २४ तासांनंतर वापरायची नसते आणि घरोघरी ती चार-चार दिवस पुरवून वापरतात. बाकी निर्जंतुक गॉजची पाकिटं, वरून लावायला कापसाचे पॅड, रुंद मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी), हातमोजे आणि फक्त याच कामाची एक कात्री. परळला हॉस्पिटलांच्या आसपास सगळं मिळतं, जास्त लागणार असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटला जा. सामान झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. तो डबा फ्रीजवर, मुलांचा हात पोचणार नाही असा.

काय आणू नका तेही सांगते. हळद, कडुनिंबाचा पाला, खोबरेल, टाल्कम पावडर, डेटॉल, फेसाळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीही जखमेत जाता कामा नये. हळदीबद्दल लोक फार हळवे असतात. चिरलेल्या बोटाची गोष्ट वेगळी, हे पोट आहे. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते आणि तिच्या पिवळ्या रंगाखाली जखमेचा खरा रंग दिसेनासा होतो. बेटाडिन डॉक्टरांनी लिहिलं असेल तेवढंच. लाल, भरत आलेल्या जखमेत रोज ते ओतलं तर नवीन येणारं मांसही दुखावतं.

३. ड्रेसिंग

दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात हे मला ठाऊक आहे. निर्जंतुक थिएटर कुणी मागत नाहीये. तेवढ्या पंधरा मिनिटांपुरता पंखा बंद करा, झाडू मारायचा असेल तर तासभर आधी किंवा नंतर मारा, मुलांना गॅलरीत पाठवा. शक्यतो सकाळच्या उजेडात, रोज त्याच वेळी आणि एकाच माणसाने करा. आज सून, उद्या मुलगा, परवा शेजारचा कंपाउंडर असं झालं तर काल किती लाल होतं हे कुणालाच सांगता येत नाही. उघड्या जखमेत भरलेला गॉज बदलायचा असेल तर वेदनाशामक गोळी अर्धा-पाऊण तास आधी द्या.

नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या. साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवा, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठ्याभोवतीही. जुनी पट्टी काढताना ती वर ओढू नका. कातडी एका हाताने धरून चिकटपट्टी तिच्या समांतर, मागे दुमडत काढा. चिकटलेला गॉज सलाईनने भिजवा आणि दोन मिनिटं थांबा. आता ती पट्टी फेकायच्या आधी बघा: किती भिजली आहे, कुठल्या रंगाने, वास येतोय का. मग पुन्हा हात धुवा आणि नवे मोजे घाला. हे मधलं हात धुणं सगळेच विसरतात.

टाके घातलेली बंद जखम असेल तर काम थोडं आहे. ओल्या गॉजने रेषेवरून वरून खाली एकदा पुसायचं, तो गॉज टाकायचा, दुसऱ्याने एक बाजू, तिसऱ्याने दुसरी. एकच बोळा मागेपुढे फिरवायचा नाही. कोरड्या गॉजने टिपायचं, नवीन पट्टी लावायची. जखम कोरडी राहत असेल तर काही दिवसांनी पट्टीचीही गरज नसते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. खपली नखाने काढू नका.

उघडी जखम असेल तर पहिल्या दिवशी हात थरथरतील. सगळ्यांचेच थरथरतात. जखम सलाईनने हलक्या धारेने धुवा. मग गॉज सलाईनमध्ये भिजवून पिळा, ठिबकायला नको, आणि सैल सोडून जखमेत बसवा. उशीत कापूस ठासतात तसा ठासू नका, दाबाने कडेचा रक्तपुरवठा तुटतो. ओला गॉज बाजूच्या चांगल्या कातडीवर पसरू देऊ नका, नाहीतर ती पांढरी पडून सोलते. शक्यतो एकच लांब गॉज वापरा आणि त्याचं टोक बाहेर ठेवा. दोन-तीन वापरावे लागले तर आकडा वरच्या मायक्रोपोरवर बॉलपेनने लिहा: "३ आत, ता. १४". पुढच्या वेळी तेवढेच मोजून बाहेर काढा. आत राहून गेलेला एक तुकडा महिनाभर पू देत राहतो आणि डॉक्टर अँटिबायोटिक बदलत राहतात.

चांगली जखम आतून लाल, ओलसर आणि दाणेदार दिसते, सोललेल्या डाळिंबासारखी. हात लागला की थोडं रक्त येतं, ते चालतं. पिवळट, चिकट पापुद्रा दिसला तर तो मेलेला भाग असतो. तो घरी ओढून काढू नका, ओपीडीत दाखवा. मोठ्या जखमेला व्हॅकचं मशीन, म्हणजे स्पंजमधून जखमेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र, लावून सोडलं असेल तर ते ड्रेसिंग दोन-तीन दिवसांनी प्रशिक्षित माणूसच बदलतो. तुमचं काम मशीन चालू आहे का, स्पंज आवळलेला आहे का आणि नळीत अचानक लाल रक्त तर येत नाही ना, एवढं बघायचं. लाल रक्त आलं तर मशीन बंद करा, जखम दाबून धरा आणि हॉस्पिटल गाठा.

पोटावर शौचाची पिशवी असेल तर आधी पिशवी बदलायची, मग हात धुऊन जखम. उलट कधीच नाही. पिशवी गळून पट्टी भिजली तर वेळेची वाट न बघता ताबडतोब बदला.

रक्ताळलेल्या पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वेगळ्या पिशवीत बांधून, वर खूण करून द्या. पालिकेने २०२५ पासून असा घरगुती सॅनिटरी कचरा वेगळा उचलायची सोय सुरू केली आहे, सोसायटीने नोंदणी केली आहे का ते सेक्रेटरींना विचारा. ओल्या कचऱ्यात टाकलात तर तो उद्या कुणीतरी उघड्या हाताने चिवडणार आहे.

ड्रेसिंग करायला घरात कुणीच धजत नसेल तर जवळच्या पालिका दवाखान्यात विचारा. २०२२ पासून मुंबईत 'आपला दवाखाना' केंद्रंही सुरू झाली आहेत, तिथे रोजच्या पट्टीसाठी मोठ्या हॉस्पिटलची रांग वाचते.

४. बघायचं म्हणजे काय बघायचं

रोज एक फोटो, त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून, जखमेशेजारी शाळेची पट्टी धरून. लालसरपणा असेल तर त्याच्या कडेने बॉलपेनने रेघ काढा. संध्याकाळी लाली रेघेच्या आत असेल तर बरं, बाहेर गेली असेल तर निघा. बोटांची मागची बाजू कातडीला लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम लागते का. रोज दोनदा थर्मामीटर लावून आकडा वहीत लिहा. "अंग कोमट वाटतंय" हे ओपीडीत कामाचं नाही.

पातळ, पिवळसर, बिनवासाचं थोडं पाणी पहिल्या दिवसांत येतं. टाक्यांच्या कडेला बारीक गुलाबी रेघ असते. खाज सुटते. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, पू किंवा घाण वास आला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. पट्टीवर हिरवट पित्तासारखं, शौचासारखं किंवा अन्नाचे कण दिसले तर आतड्याची शिवण सुटलेली असू शकते. तेव्हा तोंडाने काही न देता त्याच तासाला निघा. जखम वरून सुंदर, पण ताप चढ-उतार करतोय, उचकी थांबत नाही, पोट फुगतंय, भूक गेली, अशा वेळी पू आत साठलेला असू शकतो. एका पायाची पोटरी सुजून दुखली, किंवा अचानक धाप लागली, तर तीही इमर्जन्सीच.

आणि एक खूण अशी, जी मला स्वतःला महागात पडली. माझ्या धाकट्या दिराचं फुटलेल्या अल्सरचं ऑपरेशन झालं होतं. लालबागच्या चाळीत तिसरा मजला. सातव्या दिवशी सकाळी मी नाईट करून येऊन पडले होते, तेवढ्यात जावेचा फोन. "ताई, यांची बनियन भिजली. पू नाही हो, पाणीच आहे, कोकम सरबतात पाणी जास्त झाल्यासारखं." मी झोपेत म्हटलं, पट्टी बदल, संध्याकाळी येते. ना ताप होता, ना दुखत होतं. संध्याकाळी मी जिना चढत असतानाच तो खोकला आणि टाक्यांमधून आतडं बाहेर आलं. शेकडो पेशंटच्या नातेवाइकांना मी जे सांगत आले, ते घरच्या माणसाच्या वेळी माझ्या कानाने ऐकूनही डोक्यात शिरलं नाही. तो वाचला, पुन्हा शिवलं. जाऊ त्यावर कधी काही बोलली नाही, हे जास्त लागतं.

तर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमाराला अचानक भरपूर, गुलाबीसर, पातळ पाणी आलं की कातडीचे टाके कितीही नीट दिसोत, आतला जाड थर सुटत असू शकतो. पेशंटला झोपवून ठेवा आणि लगेच हॉस्पिटलला न्या.

पोट उघडलंच तर उताणं झोपवा, गुडघे दुमडून खाली उशी द्या. बाहेर आलेलं आतडं आत ढकलू नका. सलाईनने भिजवलेले गॉज, नसतील तर धुतलेलं सुती कापड सलाईनमध्ये भिजवून वर ठेवा आणि ते ओलं राहू द्या. पाण्याचा घोटही नको. १०८ ला फोन करताना मजला सांगा, जिना अरुंद असेल तर तेही सांगा, म्हणजे ते तयारीने वर येतील.

५. आंघोळ, घाम आणि पावसाळा

बंद जखमेवर साधारण ४८ तासांत कातडीचा पातळ थर धरतो. त्यानंतर डॉक्टरांनी हो म्हटलं की अंगावरून तांब्याने पाणी घ्यायला हरकत नाही. जखम चोळायची नाही, साबण थेट लावायचा नाही, नंतर स्वच्छ पंच्याने टिपायची. उघडी जखम किंवा नळी असेल तर अंग पुसून घ्या. मुंबईचा खरा त्रास घामाचा. पोट सुटलेल्या माणसाच्या वळीत बेंबीखाली दिवसभर ओल राहते. तिथे कोरडा सुती रुमाल ठेवा आणि तो दिवसातून तीन-चारदा बदला. जुलैत कपडे वाळत नाहीत, तेव्हा पेशंटची बनियन आणि लुंगी इस्त्री करूनच घाला, दमट वासाचा कपडा पोटावर नको. जखमेभोवतीचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका.

६. उठणं, खोकणं, संडास

सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे, मग कोपर टेकून उठायचं. खोकला किंवा शिंक आली की उशी पोटावर दोन्ही हातांनी घट्ट धरायची. खोकला दाबून ठेवणारे पेशंट मी पुष्कळ पाहिले. त्यांच्या छातीत कफ साठतो आणि मग आणखी जोरात खोकावं लागतं. स्पायरोमीटर, म्हणजे श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचं खेळण्यासारखं यंत्र, दिलं असेल तर जागेपणी तासातासाला दहा वेळा ओढा. पोटाचा पट्टा चालताना आधार म्हणून ठीक, पण तो जखमेचं रक्षण करतो अशा भ्रमात राहू नका, आणि त्याच्या आत पट्टी भिजली आहे का ते उघडून बघा.

चाळीतला सार्वजनिक संडास, तोही भारतीय, हे मोठं दुखणं. उकिडवं बसून जोर लावला की सगळा ताण टाक्यांवर. कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते, सहा आठवडे घ्या. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. त्यासाठीचं औषध डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, आतडं जोडलेलं असेल तर स्वतःच्या मनाने जुलाबाचं काही देऊ नका.

७. खाणं

"भात दिला म्हणून पू झाला", "वांगं, डाळ, दही बंद करा", "अंड्याने जखम चिघळते". वॉर्डात भेटीच्या वेळी हे रोज ऐकू यायचं. भाताने पू होत नाही, पू जंतूंनी होतो. उलट जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि आपण नेमकी तीच काढून माणसाला पेजेवर ठेवतो. एकदा नेहमीचं खायला परवानगी मिळाली की दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं गेली पाहिजेत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात ८, वाटीभर घट्ट वरणात ६-७, शंभर ग्रॅम सुरमईत २० च्या आसपास. हिशेब मांडा, पेजेने काय होतं ते कळेल. किडनीचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांकडून घ्या. लिंबू, आवळा, पेरू चालतील.

शुगर असलेल्याची शुगर घरी मोजा आणि १८० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा, औषधाचा डोस डॉक्टरांना विचारूनच. तंबाखू, विडी, मिश्री बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेपर्यंत रक्त पोचत नाही. मिश्रीबद्दल बायका सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

८. घराबाहेर

पहिल्या तपासणीला रिक्षापेक्षा टॅक्सी बरी, आणि खड्डा दिसला की उशी पोटावर धरा. वरची रेघ जुळली म्हणजे आतलं भरलं असं नाही. तीन आठवड्यांनी त्या जागेला मूळच्या ताकदीच्या जेमतेम पाचव्या भागाएवढी ताकद असते, तीन महिन्यांनी सत्तर-ऐंशी टक्के, आणि पूर्ण कधीच येत नाही. म्हणून निदान सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. पाण्याची भरलेली बादली दहा किलोच्या वर भरते, भरलेला सिलिंडर तीसच्या आसपास, आणि दोन वर्षांचा नातू "आजोबा, उचला" म्हणतो तेव्हा तोही दहा-बारा किलोचा असतो. गर्दीच्या वेळची लोकल तेवढे दिवस नकोच, दादरला उतरताना कोपर कुठे बसेल याचा नेम नाही.

कामावर परत कधी, हे कामावर ठरतं. टेबलावर बसणाऱ्याला लवकर सोडतात, हमाली करणाऱ्याला तीन महिने म्हणतात. पुढे कधी उभं राहून खोकताना जुन्या रेघेवर फुगवटा दिसला आणि आडवं पडल्यावर आत गेला, तर तो हर्निया असतो. तो घाई न करता ओपीडीत दाखवायचा. पण फुगवटा आत जाईनासा झाला, दुखायला लागला, उलट्या सुरू झाल्या, तर कॅज्युअल्टी. जाताना जुना डिस्चार्ज पेपर आणि ती फोटोंची मालिका बरोबर घ्या.